रिकाम्या घराचं पाणी

१

दर साल होळी झाली की माळावरचं घर बंद करायचं काम माझ्याकडे यायचं.

मी गुंडू. निपाणीच्या यल्लाप्पा अण्णांच्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. मराठी सातवी पास. वखारीच्याच मागं दोन खोल्यांत बायकापोरांसह राहायचो, त्यामुळे अण्णांच्या घरचं कुठलंही काम हे माझंच काम असे.

त्या वर्षांत प्लेग ठरल्या वेळी येई. दसऱ्याच्या सुमारास गावात उंदीर पडायला लागले की लोक घरांना कुलपं लावून रानात झोपड्या घालायचे. अण्णांनी झोपडीऐवजी घरच बांधलं. यमगर्णीच्या वाटेला, गावापासून तीन मैलांवर, उघड्या माळावर. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं एक बिनखिडकीची खोली. वर मंगळुरी कौलं. मधल्या भिंती आढ्यापर्यंत नेलेल्या नव्हत्या, वरचे दोन हात मोकळेच होते. सोप्यात कुणी खोकलं तर मागच्या खोलीत ऐकू जायचं.

दसरा ते होळी घरची माणसं तिथं राहत. मग पुढचे सात महिने घर रिकामं. अण्णांची बायको रुक्माबाई आक्का, सगळा कारभार त्यांचाच. त्यांची शिस्त कडक होती. दिव्यांतलं घासलेट काढून डब्यात भरायचं, वाती सुकवून पुडीत बांधायच्या. चुलीतला विस्तव पाणी मारून विझवायचा, उरलेला कोळसासुद्धा पोत्यात घालून गावात न्यायचा. विहीर खोल, होळीनंतर तळाला जायची, म्हणून दोर आणि पोहरा काढून घ्यायचा, कुणी वाटसरूनं उपसू नये. रांजणात, घागरीत थेंब ठेवायचा नाही. भांडी पालथी घालायची. कौलं तपासायची, पावसाचा एक थेंब आत येता कामा नये.

"रिकामं घर काय खात न्हाय, काय पित न्हाय," आक्का म्हणायच्या. "मग त्येच्यासाठी ठेवायचं कशाला?"

मला ते पटायचं. खोटं कशाला सांगू, त्या कामाचा मला अभिमान होता. माझ्यासारखं घर कुणी बंद करत नव्हतं.

२

एकोणीसशे आठ साल. होळीनंतरच्या शुक्रवारी सकाळी नवाच्या सुमारास मी माळावर पोचलो तर दारात दोन गाड्या भरून तयार. आक्का सोप्यात उभ्या होत्या.

"जया गेली," त्या म्हणाल्या.

जयाबाई म्हणजे त्यांची सून, ज्योतिबाची बायको. संकेश्वरची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ज्योतिबाला दुसरी करायची बोलणी दिवाळीपासून उघड चालली होती, आणि त्या पाहुण्यांना चहा जयाबाईच देत होती. तिच्या भावाची पत्रं मी तिला वाचून दाखवायचो. मंगळवारीच एक वाचलं होतं. तिला ताप होता, मागच्या खोलीत निजली होती, मी दाराबाहेर बसून वाचलं. भाऊ होळीनंतर न्यायला येणार होता. "कंच्या वारी, बघा की परत," असं तिनं दोनदा विचारलं होतं.

"कधी गेल्या?" मी विचारलं.

"पहाटं. गाठ आलती. ह्ये दोघं नदीवर नेऊन आलं. गाठीच्या मड्याला कोण येतंय खांदा द्यायला?"

अण्णा पहिल्या गाडीत पाठमोरे बसले होते. ज्योतिबा बैलांच्या गळ्यातले सापते उगाच सोडत-बांधत होता. मी त्याच्याजवळ गेलो. काही बोलावं म्हणून खांद्यावर हात ठेवला. त्यानं वर बघितलं नाही. नदीवरून आलेला माणूस ओलेता असतो. ज्योतिबाच्या धोतराच्या घड्या मोडल्या नव्हत्या. बदललं असेल, मी मनाशी म्हणालो. तीन तास झाले की.

आक्का मला मागच्या खोलीकडे घेऊन गेल्या. दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

"आत गंधक जाळलाय. ह्ये दार उघडायचं न्हाय. त्यो धूर आत मुरू दे पावसाळाभर. फटी समद्या शेणमातीनं लिंपून घे, खालनं वरनं. ऐकतोस न्हवं? वारासुदीक भायेर येता कामा न्हाय."

"व्हय, आक्का." भिंतीचे वरचे दोन हात मोकळे, मग खालच्या फटी लिंपून धूर कसा कोंडणार, हे मी विचारलं नाही.

"आनि कौलं बघ. त्या खोलीवरची आधी बघ."

गाड्या गेल्या. मी दारापाशी थोडा वेळ उभा राहिलो. वखारीत आम्ही गंधक जाळायचो, त्याचा वास कपड्यांतून चार दिवस जात नाही. इथं गंधकाचा वास येत नव्हता. आक्कांनी फटी आतून चांगल्या बुजवल्या असतील, मी म्हणालो.

मग लक्षात आलं की आतून बुजवल्या तर आक्का बाहेर कशा आल्या असत्या. पण तोवर मी दिवे गोळा करायला लागलो होतो.

३

शनिवारी नागुबाई आली. जवळच्या वस्तीवरची, साठीची, घर सारवायला दरवर्षी हीच. जयाबाई गेल्याचं ऐकून ती सोप्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

"लई गुणाची हुती. माझ्या पायाला तेल लावलंतं तिनं. सावकाराची सून असून माझ्या पायाला."

तिनं शेणमाती कालवली आणि मागच्या दाराच्या फटी लिंपायला घेतल्या. मी स्वयंपाकघरात रांजण कलता करून पाणी काढत होतो. घागरीमागून घागर नेऊन अंगणातल्या लिंबोणीला घातली. रांजणातून पाणी पडताना मोठा आवाज होतो, गदगद असा. तो चालू असताना मला वाटलं, मागच्या खोलीतही काहीतरी हललं. चटई जमिनीवरून ओढावी तसं. मी रांजण सरळ केला. आवाज थांबला. परत कलता केला, पाणी पडलं, परत ती चटई.

"दिवाणजी," नागुबाईनं हाक मारली. तिचा हात दाराच्या खालच्या फटीवर होता, मातीनं भरलेला. "आत काय हाय?"

"घूस असंल."

"घूस कवा कन्हतीया?"

मी तिथं जाऊन कान दिला. काही नव्हतं. अगदी काही नव्हतं. कुणी श्वास धरून बसलं की जसं काही नसतं, तसं.

"लिंप तू," मी म्हणालो.

तिनं लिंपलं, पण तोंडानं देवाचं नाव चालू होतं. संध्याकाळच्या आत आम्ही दोघंही निघालो. मी निपाणीला येऊन जेवलो आणि गाढ झोपलो.

४

रविवारी सकाळी गेल्या गेल्या मी आधी मागचं दार बघितलं. उंबऱ्यालगतची शेणमाती बाहेर ढकलली गेली होती. बोट जाईल एवढं भोक, आणि त्याच्याभोवती माती खरवडल्याच्या चार रेघा.

"बघ, घूसच," मी नागुबाईला म्हणालो. मला खरंच बरं वाटलं. घुशीवर उपाय असतो. वखारीत आम्ही तोच करायचो. मी एका फुटक्या कंदिलाची काच बारीक कुटली, ओल्या मातीत मिसळली आणि ते भोक गच्च भरलं. वरून दगडाची चीप ठोकली.

नागुबाई लांबूनच बघत होती. "ती घूस न्हाय. ती जया हाय. पानी पानी करत गेली आसंल, जीव अडाकलाय तिचा. दिवाणजी, एक तांब्या दारात ठेवू या. मेल्याला पानी द्यायला काय जातंय?"

"मेलेलं माणूस पाणी पीत नाही," मी म्हणालो. "भूतबित काही नसतं नागुबाई."

तिनं ऐकलं नाही. मी कपाटाची कुलपं बघत होतो तेवढ्यात माझ्या पिण्यासाठी ठेवलेला तांब्या तिनं उचलून मागच्या दाराशी ठेवला, नमस्कार केला आणि अंगणात जाऊन बसली. घरातलं शेवटचंच पाणी होतं ते. अर्ध्या तासानं मी तिथं गेलो तेव्हा तांब्या भरलेला होता. थेंबही कमी झाला नव्हता. दार बंद, फटी बुजलेल्या. कसा कमी होईल?

दारावर मात्र आतून, अगदी खाली, कुणीतरी बोटाच्या पेरानं टकटक करत होतं. जोर नव्हता. तीनदा, मग थांबून एकदा.

"कोण हाय?" मी विचारलं.

टकटक थांबली. मग एक आवाज आला. तो शब्द होता असं मी आजही शपथेवर सांगणार नाही. कोरड्या पानावर पाय पडावा तसा आवाज. ऐकणाऱ्यानं मनात आणलं तर त्यात स्वतःचं नावही ऐकू यावं. मला 'दिवाणजी' असं ऐकू आलं.

मी तांब्या उचलला. घशाला कोरड पडली होती. उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला आणि पालथा घातला.

५

शिडी लावून कौलांवर चढलो तेव्हा बारा वाजले असतील. ऊन असं की कौलाला हात लाववेना. आक्कांनी सांगितलं होतं, त्या खोलीवरची आधी बघ. बघितली. एकही सरकलेलं नव्हतं. तरी मी एक कौल उचललं. का उचललं, ते माहीत नाही. गंधकाचा वास येतो का बघावं, असं स्वतःला सांगितलं.

उन्हाचा एक पट्टा सरळ खाली गेला. खोलीत काळोख होता, पट्टा तेवढा उजळ, आणि त्यात धूळ उडत होती. जमिनीचा एक तुकडा दिसला. चटईची कड दिसली.

मग त्या उजेडात दोन हात आले. तेवढेच. मनगटापासून पुढचे. बांगड्या नव्हत्या. बोटांच्या टोकांना काळं काहीतरी वाळलेलं होतं. ते हात हळूहळू एकमेकांना जुळले आणि त्यांची ओंजळ झाली. वरून पडणारं ऊन म्हणजे पाणीच, अशी ती ओंजळ उन्हाखाली धरलेली होती. मग ती उजेडातून बाहेर गेली, तोंडाकडे जावी तशी. आणि रिकामी परत आली.

मी कौल खाली ठेवलं. नीट, खाचेत खाच बसवून.

तिथंच बसून मी विचार केला. मी शिकलेला माणूस. मेलेलं माणूस ओंजळ धरत नाही. भूत नसतं. म्हणजे तिसरंच काही असायला हवं. त्या तिसऱ्याचं वाक्य मी मनात सुरू केलं आणि पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर कुलूप फोडावं लागलं असतं. कुलूप फोडलं असतं तर अण्णांच्या, आक्कांच्या, ज्योतिबाच्या तोंडासमोर उभं राहावं लागलं असतं, आणि माझी चार पोरं वखारीच्या मागच्या खोल्यांत झोपत होती.

खाली उतरलो. नागुबाईनं विचारलं, "काय दिसलं?"

"काय न्हाय."





विहिरीवरचा दोर काढला, पोहरा काढला, शिडी गाडीवर चढवली. पुढच्या दाराला कुलूप लावलं. नागुबाई गाडीमागून चालत होती. वस्तीची वाट फुटते तिथं ती थांबली. "भूत असंल तर देव बघून घील," ती म्हणाली. "पर भूत नसंल तर रं दिवाणजी?"

मी बैल हाकले.

६

शुक्रवार धरून चौथ्या दिवशी, सोमवारी, संकेश्वरहून जयाबाईचा भाऊ आला. भरमू नाव. बहिणीसाठी नवं लुगडं आणि गुळाची ढेप घेऊन आला होता. आक्कांनी त्याला वखारीत माझ्याकडे पाठवलं. त्यांना रडणं सहन होत नव्हतं म्हणे.

तो पोत्यावर बसला. बराच वेळ लुगड्याची घडी हातानं सारखी करत राहिला. "शेवटाला तरास झाला का वो तिला?"

"न्हाय. झोपंतच गेल्या."

"तुमी हुता?"

"होतो," मी म्हणालो. "नदीवरबी मी होतो."

त्यानं माझे पाय धरले. "उपकार झालं," तो म्हणाला. "घरच्यासारखं केलासा."

त्या दिवशी तिला पाण्यावाचून किती दिवस झाले होते, हा हिशोब माणूस मांडू शकतो. मी मांडला नाही. पुढं कामासाठी यमगर्णीला जायची वेळ आली की मी नदीचा घाट टाळून दुसऱ्या, लांबच्या वाटेनं जायचो. घाटावरच्या कुणी सहज बोलता बोलता, शुक्रवारी इथं कुणाला आणलंच नव्हतं, असं सांगितलं असतं तर? कुणी सांगू नये याची मी काळजी घेतली. पाऊस त्या साली चांगला झाला. ज्येष्ठात ज्योतिबाचं दुसरं लग्न लागलं. मालुबाई, गडहिंग्लजकडची, सोळा वर्षांची, सारखी हसणारी.

७

दसऱ्याआधी गावात उंदीर पडले. घर उघडायला या खेपेस आक्का स्वतः निघाल्या, आम्ही दोघंच. त्यांनी एक जुनं लुगडं आणि रिकामं पोतं बरोबर घेतलं होतं. कशाला, ते मी विचारलं नाही.

पुढचं कुलूप सहज निघालं. सोप्यात कोळ्याची जाळी, बंद घराचा वास. माजघराच्या दारात मात्र आक्का थबकल्या.

मी पालथी घातलेली सगळी भांडी उताणी होती. हंडे, घागरी, तांबे, वाट्या, देवपूजेची पळीसुद्धा. माजघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर ओळीनं मांडलेली. तोंडं वर, कौलांकडे. जिथं जिथं दोन कौलांचा सांधा होता, त्याच्या बरोबर खाली एकेक भांडं. एकातही ओल नव्हती. मी कौलं चांगली बसवली होती.

"माकडं," मी म्हणालो.

आक्का मागच्या दाराशी गेल्या. शेणमाती वाळून दगड झाली होती, कुठं तडा नाही. काचेची माती जागच्या जागी. भिंतीच्या माथ्यावरचं, मोकळ्या जागेतलं धुळीचं पांघरूण मी रांजणावर चढून बघितलं. ते सलग होतं. आक्कांनी लुगड्याचा बोळा नाकाला लावला, कुलूप काढलं आणि मला बाहेर थांबायला सांगून आत गेल्या.

लगेच बाहेर आल्या. नाकावरचा बोळा खाली गळला होता.

मी आत डोकावलो. खोली रिकामी होती. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी. जमीन झाडलेली, कालच झाडावी तशी. बाकी काही नाही. हाडाएवढंही काही नाही.

"तू काढलास?" आक्कांनी विचारलं.

"काय, आक्का?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आक्कांनी जयाबाईचं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही. माझ्या डोळ्यांत त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं एका दावणीला बांधले गेलो.

"भांडी घासून घे," त्या म्हणाल्या.

८

तो हंगाम बरा गेला. मालुबाईच्या हसण्यानं घर भरून जायचं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. एकदा तिनं मला विचारलं, "दिवाणजी, मागच्या खोलीत आधी कोण ऱ्हात हुतं?"

"कुणी न्हाय."

शिमग्याच्या आधी दहा दिवस तिला ताप भरला. दुपारपर्यंत अंग तापून लाल झालं. आक्कांनी तिची काख चाचपली, जांघ चाचपली, हात धुतले आणि तिला मागच्या खोलीत हलवलं. अण्णा वखारीतच होते, ज्योतिबाही तिकडे निघून गेला. मग आक्का सोप्यात आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुंडू, औंदा घर वाईच लवकर बंद करू या."

तिला डॉक्टर दाखवू, बेळगावला नेऊ, माहेरी कळवू. ही वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती. ती म्हणायची तर आधी गेल्या सालचं वाक्य पुरं करावं लागलं असतं.

"व्हय, आक्का," मी म्हणालो.

रांजणापासून सुरुवात केली. पहिली घागर भरून निघालो तेव्हा मागच्या खोलीचं दार अजून उघडं होतं. आत मालुबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हातांत तांब्या धरून पाणी पीत होती. घटाघट, श्वास न घेता, गळ्यावरून ओघळ जात होते. आक्का माझ्यासमोर सोप्यात होत्या. घरात चौथं कुणी नव्हतं.

"पाणी कुणी दिलं?" मी विचारलं.

तिनं तांब्या खाली ठेवला. ओठ पुसले. तापानं डोळे चकाकत होते, पण ती हसली.

"त्या बाईनी. आत्ताच गेल्या. 'पोटभर पिऊन घे गं,' म्हनाल्या, 'दिवाणजी आला की समदं वतून टाकील.'"

घागर माझ्या कमरेवर होती, काठोकाठ भरलेली. आक्का सोप्यातून बघत होत्या. मी अंगणात गेलो आणि ती ओतली.